वर्दी घेऊन या

अंबादासनं खाकी शर्टाची बाही टेबलावर पसरली, तोंडात पाणी घेतलं आणि फुर्रकन तिच्यावर फवारलं. अतिथिगृहाची इस्त्री वाफेची होती, बटण दाबलं की आपणहून पाणी सोडणारी. त्याचा तिच्यावर विश्वास बसलेला दिसत नव्हता.

दार ढकलून धीरज आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. खालच्या काउंटरवर त्याला एवढंच सांगितलं होतं की दोनशे सात नंबरच्या खोलीत तुमच्यासाठी सरप्राइज आहे. त्याला वाटलं होतं, केक असेल.

"आबा?"

"आला का? दार लाव आधी. वाऱ्यानं घडी मोडती."

"तुम्ही दिल्लीत? कधी आलात? कुणाबरोबर?"

"सकाळीच. त्या शिवांगीबाईंनी तिकीट धाडलं. एक पोरगी व्हती संगट, कलेक्टरची परीक्षा देती म्हनं. रस्ताभर पुस्तक उघडून बसली, पर पान काय उलटंना."

एरवी धीरज हसला असता. हसवणं हा त्याचा धंदा होता आणि कोण कुठून हसवतं हे त्याला बरोबर कळायचं. पण त्याची नजर पलंगावर गेली होती. पलंगावर पट्टा होता, पितळी बक्कल चिंचेनं घासून लख्ख केलेलं. काठी होती. टोपी होती. छातीवर लावायची नावाची पाटी होती.

"ही वर्दी कशाला आणलीत?"

"बाईच म्हनल्या की. दोनदा म्हनल्या. वर्दी घेऊन या, लोकास्नी तुमाला वर्दीत बघायचंय." इस्त्री बाहीवरून सावकाश फिरत राहिली. "पन्नास वर्सं दारोदार फिरलो, धीरज. कुनी म्हनलं न्हाई, ये, बस, तुझा सत्कार करतो. तुझ्या आज्याला न्हाई, त्याच्या बापाला न्हाई. आन् आता दिल्लीतनं फोन. बहुरूप्याला!"

धीरज पलंगाच्या कडेवर टेकला. खिडकीखाली कस्तुरबा गांधी मार्गावर गाड्या हॉर्न वाजवत होत्या. चार वाजले होते. सहाला खालच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता.

शिवांगीताईंनी बहुरूप्याला बोलावलंच नव्हतं. त्यांनी हवालदाराला बोलावलं होतं. हा हवालदार सगळ्या देशाला माहीत होता, कारण धीरजनं गेली दहा वर्षं स्टेजवर 'माझे वडील' म्हणून त्याच्यावर लोकांना हसवलं होतं. घरात रोज सकाळी हजेरी घेणारा हवालदार. परीक्षेत नापास झालेल्या पोराला जामीन नाकारणारा हवालदार. बायकोनं मीठ जास्त घातलं तर आमटीचा पंचनामा करणारा हवालदार. या हवालदारानं धीरजला मोठमोठ्या सभागृहांत नेलं, टीव्हीवर नेलं, गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर नेलं. त्याच्यात फक्त एकच खोट होती. तो नव्हता.

जो होता तो अंबादास, धीरजचा बाप. बहुरूपी, बहुरूप्याचा मुलगा. दिवाळी सरली की बिऱ्हाड उचलायचं, गावाबाहेर पाल टाकायचं, पोलिसाचा वेष करून दारात उभं राहायचं, घरधन्यावर खोटाच खटला भरायचा आणि सगळं घर पोट धरून हसलं की सूपभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचं. धीरज सहा वर्षांचा झाला तसा तोही शिपाई झाला. आई आदल्या वर्षी तापानं गेली होती, त्याला पालावर कुणाच्या भरवशावर ठेवायचं? पुठ्ठ्याची टोपी, गुडघ्यापर्यंत येणारी चड्डी. बाप म्हणाला 'शिपाई!' की ओरडायचं, 'जी साहेब!' अंगात ताप असला तरी तेच. कुत्री धावून यायची. एका दारातून एकदा गरम पाणी आलं, त्याचा डाग त्याच्या पोटरीवर अजून होता. त्या हंगामात तो पाच गावांतल्या पाच शाळांत जाऊन बसला आणि एकाही हजेरीपटावर त्याचं नाव आलं नाही.

मग आश्रमशाळा. आणि सातवीत असताना सुजय नावाच्या मित्राकडे सणाचं जेवण. पहिला घास घेतला आणि दारातून आवाज आला. तो आवाज त्यानं पाहण्याआधी ओळखला. सुजयच्या वडिलांवर खटला होता, की तुमचा कोंबडा वेळेवर आरवतो, त्यामुळे सगळ्या गावाला कामाला जावं लागतं. घर हसून लोळत होतं. धीरजही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. अंबादासची नजर पंगतीवरून फिरत आली, त्याच्यावर थांबली, आणि तशीच पुढे गेली.

"आन् ह्यो साक्षीदार कुनाचा?"

"आमच्या सुजयचा मित्र आहे, साहेब."

"गुनी दिसतोय. जेवू द्या त्येला."

एवढंच. बाप-लेकात त्यावर पुढे कधीही बोलणं झालं नाही. वसतिगृहाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्या आठवड्यात तो नव्यानं भरायचा होता. धीरजनं लिहिलं, पोलीस.

खोटं एकदा कागदावर गेलं की त्याला माणसापेक्षा जास्त आयुष्य मिळतं. ते धीरजबरोबर पुण्याला गेलं, तिथून दिल्लीला आलं. राजेंद्र नगरच्या खोलीत पाचजण राहायचे, पाचही जण कलेक्टर होणार होते. धीरज तीनदा पूर्व परीक्षेत नापास झाला. मेसमध्ये मात्र तो मुलाखतीच्या बोर्डाची नक्कल करायचा आणि पोरांच्या नाकातून डाळ बाहेर यायची. निखिल नावाचा रूममेट एका संध्याकाळी त्याला ओढतच हौज खासच्या एका तळघरात घेऊन गेला. तिथं माइक होता, तीस खुर्च्या होत्या आणि कुणीही उठून विनोद करू शकत होतं. पहिली सहा मिनिटं कुणीही हसलं नाही. सातव्या मिनिटाला त्याच्या तोंडून निघून गेलं, 'मेरे पिताजी हवलदार हैं.' पहिल्या रांगेतली एक मुलगी हसली. का हसली देव जाणे. पण धीरजला पुढचा रस्ता दिसला, आणि त्या रस्त्यावर अंबादास कुठंच नव्हता.

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता शिवांगीताई आत आल्या. त्या एका मंत्रालयात उपसचिव होत्या आणि दिल्लीतल्या मराठी अधिकाऱ्यांच्या मंडळाचं सगळं त्याच बघायच्या.

"झाली का भेट? यार धीरज, तुझा चेहरा बघ! म्हटलं होतं ना मी मिस्टरांना, रडणार तो. तुझ्या शाळेतून नंबर काढला मी, माहितीये? तीन दिवस लागले. आणि काका, प्रवास ठीक झाला? चहा-बिहा मिळाला?"

अंबादासनं इस्त्री बाजूला ठेवली, टाचा जुळवल्या आणि ताडकन सॅल्यूट ठोकला.

"हवालदार अंबादास हजर हाय, बाईसाहेब! चहात साखर कमी व्हती, सबब म्हशीला अटक केलेली हाय!"

शिवांगीताईंचा हात आपोआप छातीशी गेला. डोळ्यांत पाणी आलं.

"बघ ना," त्या हळू आवाजात धीरजला म्हणाल्या, "अजूनही तीच शिस्त. माझे सासरे पण खात्यातच होते. रिटायर झाल्यावरही असंच उभे राहायचे." मग अंबादासला म्हणाल्या, "काका, तुमचा सत्कार संग्राम शितोळे साहेबांच्या हस्ते आहे. पोलिसात फार मोठ्या पदावर होते. म्हणाले, हवालदाराचा सत्कार असेल तर मी नक्की येणार, बिल्कुल येणार. चला, मी हॉल बघते. साडेपाचला खाली या हं."

दार लागलं. अंबादासचा हात अजून कपाळाजवळच होता. तो त्यानं हळूहळू खाली घेतला.

"ही बाई का हसली न्हाई रं?"

धीरजनं पलंगावरची टोपी उचलली, उलटी केली, परत ठेवली. मग सांगितलं. आश्रमशाळेचा फॉर्म, हौज खास, दहा वर्षं. फार वेळ लागला नाही. वीस-पंचवीस वाक्यांत सगळं संपलं, आणि त्यातलं एकही हसवणारं नव्हतं.

अंबादास ऐकताना बटणं तपासत होता. एक सैल होतं. त्यानं पिशवीतून सुई-दोरा काढला, दोरा दातानं तोडला, पण सुईत ओवला नाही.

"तुझं एकदा बघितलं व्हतं," तो म्हणाला. "शेजारच्या ज्ञानोबाच्या नातवानं फोनवर दावलं. हिंदीत व्हतं, मला काय उमगलं न्हाई. लोक लई हसत व्हते. मला वाटलं, आपलंच काम करतंय पोरगं. ऊर भरून आला."

"आबा, मी सांगतो त्यांना तुमची तब्येत बरी नाही. प्रवासाचा त्रास झाला. इथंच झोपून राहा. मी बघतो पुढचं."

"आन् त्यो मोठा सायब?"

"तोच तर! पोलिसाची वर्दी घालून असं पोलीस म्हणवून घेणं गुन्हा आहे. त्यानं दोन प्रश्न विचारले तरी..."

"गुन्हा फसवलं तर." अंबादासनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं. "मी दारात उभा ऱ्हायलो की शेंबडं पोरगं बी वळखतं, बहुरूपी आला. म्हनून तर हसत्यात. पन्नास वर्सांत एका मानसाला फसवलेलं न्हाई मी ह्या कापडात."

धीरजला बोलायचं होतं ते इतकं लाजिरवाणं होतं, की ते त्याच्याऐवजी बापानंच बोलून टाकावं असं त्याला वाटत होतं. लहानपणी वाटायचं तसंच.

आणि अंबादास बोललाच.

"आजच्या दिस खराखुरा हवालदार व्हायला पायजे, असंच ना?"

धीरजनं मान खाली घातली. होय म्हणायला तेवढं पुरलं.

अंबादासनं सुई खिडकीकडे धरून दोरा ओवला, बटण पक्कं केलं आणि शर्ट अंगात घातला.

खाली हॉल भरला होता. मयूर विहारपासून सरोजिनी नगरपर्यंतची मराठी कुटुंबं आली होती. बायकांनी ठेवणीतल्या नथी घातल्या होत्या आणि मुलं आपापसात हिंदीत भांडत होती. अंबादास दारातून आत आला आणि गप्पा थांबल्या. पुढच्या रांगेतलं कुणीतरी उठून उभं राहिलं. मग दुसरं. मग पूर्ण हॉल. अंबादासनं एकदा मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीमागून कोण आलंय ते बघायला.

संग्राम शितोळे सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे होते. दिल्लीत मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की आधी आडनाव विचारतो, मग गाव. त्यांनी गाव विचारलं.

"बीडकडचा, सायब."

"कुठल्या ठाण्याला होतात?"

धीरज दोन पावलांवर उभा होता.

"बदल्याच लई झाल्या, सायब," अंबादास शांतपणे म्हणाला. "एका जागी दोन दिसाच्या वर कुनी ठिवलं न्हाई."

शितोळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. पाटीवर पाहिलं, पितळी बक्कलावर पाहिलं, पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांवर पाहिलं. मग म्हणाले, "खात्यात असंच असतं," आणि शाल उलगडली.

शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. शिवांगीताईंनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. अंबादास माइकपासून हातभर लांब उभा राहून म्हणाला, "पोरगं शिकलं. बास." लोकांना ते इतकं आवडलं की पुन्हा टाळ्या झाल्या. हवालदार म्हणून तो अगदी बरोबर वागला. एक शब्द जास्त नाही, भुवई हलली नाही. त्याच्यापेक्षा चांगला नट धीरजनं मुंबईत पाहिला नव्हता, दिल्लीत पाहिला नव्हता. आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

स्टेजच्या पायऱ्या उतरताना अंबादास त्याच्याजवळ थांबला. नारळ त्यानं दोन्ही हातांत धरला होता, तान्हं मूल धरावं तसा.

"कुनी हसलं न्हाई रं," तो पुटपुटला. तक्रार नव्हती. नवल होतं. "ही कापडं अंगावर असताना पहिल्यांदा. हसत्याल म्हनून थांबलो बी मी जरा."

आणि तो पहिल्या रांगेत शितोळ्यांच्या शेजारी जाऊन बसला. पाठ ताठ, नारळ मांडीवर.

"आणि आता," शिवांगीताई माइकवर म्हणाल्या, "ज्याची तुम्ही सगळे वाट बघताय, तो आपला, अपना, हवालदारांचा मुलगा!"

धीरज स्टेजवर गेला. दिव्यांमुळे सहसा त्याला पहिल्या रांगेपलीकडचं काही दिसत नसे, आज पहिली रांगच पुरेशी होती. सुरुवातीचं वाक्य त्यानं हजारदा म्हटलं होतं. ते जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की पुढची चाळीस मिनिटं आपोआप जाणार होती.

त्यानं माइक स्टँडवरून काढला.

"माझे वडील हवालदार नाहीत," तो म्हणाला.

हॉल हसला. जोरात, मनापासून, पैसे वसूल झाल्यासारखा.

तो थांबला. हसू ओसरू दिलं.

"खरंच नाहीत. ते बहुरूपी आहेत. मी त्यांचा शिपाई होतो."

पुन्हा हसू, पण थोडं कमी. काहीजणांनी शेजारच्याकडे पाहिलं. शिवांगीताई हसत होत्या, पण त्यांची मान तिरकी झाली होती, ऐकू न आल्यासारखी.

"मी बारा वर्षांचा असताना मित्राच्या घरी त्यांना ओळख दिली नाही," धीरज म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच्या आवाजापेक्षा लहान होता आणि तो त्याला स्वतःलाच परका वाटत होता. "मग लाज वाटायला लागली, म्हणून त्यांना पोलीस केलं. मीच केलं. त्यांना आज दुपारी चार वाजता कळलं. तोवर ते समजत होते की तुम्ही त्यांच्या कलेचा सत्कार करताय. ते बहुरूपी म्हणून आले होते. वर्दी बहुरूप्याचीच आहे."

आता कुणी हसलं नाही. मागं एका मुलानं काहीतरी विचारलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. शितोळ्यांनी पायावरचा पाय खाली घेतला. शिवांगीताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या एकदा स्टेजकडे बघत होत्या आणि एकदा शितोळ्यांकडे.

खुर्ची करकरली. अंबादास उभा राहिला. त्यानं नारळ खुर्चीवर ठेवला. खांद्यावरची शाल काढली, तिची घडी घातली, कडेला कड लावून, सुरकुती हातानं सारखी करून. मग ती घेऊन शिवांगीताईंसमोर गेला आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"बाईसाहेब, ही हवालदाराची," तो म्हणाला. त्याला माइकची गरज नव्हती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "त्यो आलाच न्हाई. गैरहजर हाय. पगार कापा त्येचा."

शिवांगीताईंचे हात पुढं झाले, पण शाल घ्यायची की नाही हे त्यांना ठरवता येईना.

शेवटच्या रांगेत एक म्हातारी बाई खुदकन हसली. तिनं लगेच तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. शितोळ्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. एकेक रांग पेटत पुढं आली. कुणी डोळे पुसत हसत होतं, कुणी नुसतंच डोळे पुसत होतं. अंबादास हॉलकडे तोंड करून उभा होता, शाल तशीच हातांवर, चेहरा सरळ, भुवई न हलवता.

धीरजनं माइक तोंडापासून लांब धरला. दुसऱ्यानं आणलेलं हसू चालू असताना आपण बोलायचं नसतं.